सरकार हरले म्हणजे कोण हरले?

जानेवारी 2023 संपत आला होता. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी आम्ही स्वारगेटहून सोलापूरला निघालो होतो. गाडी फलाटाला लागायला अवकाश होता. बाकावर शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते, सोलापूरचेच. हातात घडी घातलेले वर्तमानपत्र. हडपसरच्या मोहसीन शेख खून खटल्यातले सर्व वीस आरोपी निर्दोष सुटल्याची बातमी त्यात होती. थोडा वेळ ते गप्प बसले, मग आमच्याकडे वळून म्हणाले,

"बेटा, मोहसीनच्या बाजूनं वकील कोण होता?"

"सरकारी वकील होते, चाचा."

"म्हणजे सरकारच लढत होतं."

"हो. खुनाचा खटला सरकारच चालवतं. घरच्यांना तो चालवता येत नाही."

"मग सरकार हरलं म्हणजे हरलं कोण? सरकारचं तर काही गेलं नाही."

तेवढ्यात गाडी लागली. सामान, गर्दी, जागा धरण्याची घाई, यांत उत्तर द्यायचे राहून गेले. खरे सांगायचे तर आमच्यापाशी उत्तर नव्हतेच. शंकरशेट रस्त्याने गाडी सोलापूर रस्त्याला लागली, हडपसर आले आणि गेले. चाचांचा प्रश्न मात्र तेव्हापासून आमच्याबरोबर आहे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि तेही अपुरे.

मोहसीनची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सोलापूरचा हा तरुण पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरीला होता. 2 जून 2014 च्या रात्री नमाज आटोपून मित्राबरोबर परतताना हडपसरमध्ये जमावाने त्याला मारहाण केली आणि तो मरण पावला. समाजमाध्यमावर टाकलेल्या काही आक्षेपार्ह चित्रांवरून शहरात वातावरण तापले होते. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख मारेकऱ्यांना पुरली. सरकारने उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमले तेव्हा कुटुंबाला आधार वाटला. 2017 च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने तिघा आरोपींना जामीन देताना मृताचा धर्म हेच जणू चिथावणीचे कारण होते, असे वाटावे अशी मांडणी केली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि न्यायालयांनी देशाच्या बहुविध समाजरचनेचे भान ठेवावे, असे बजावले. दरम्यान 2017 मध्येच निकम या खटल्यातून बाहेर पडले होते. कुटुंबाने रोहिणी सालियन यांची नेमणूक मागितली, ती झाली नाही. मोहसीनचे वडील 2018 मध्ये वारले. साडेआठ वर्षांनी, 27 जानेवारी 2023 रोजी, पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्वांची सुटका केली.

आम्ही त्या निकालाची उलटतपासणी करायला बसलेलो नाही. पुरावा नसेल तर सुटका झालीच पाहिजे, मग समोर कोणीही असो. आमचा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीवरचा आहे. एखाद्या खटल्याचे सुकाणू ज्याच्या हाती असते तो सरकारी वकील नेमका कुणाला बांधलेला असतो? त्याने खटला जोरात चालवावा की सैल सोडावा, कोणता साक्षीदार तपासावा, जामिनाला विरोध करावा की नाही, अपील करावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कुठपर्यंत त्याचा आणि कुठून पुढे सरकारचा? आणि हे दोघे चुकले तर त्यांना विचारायचे कोणी?

मुळापासून पाहू. जुन्या काळी खून हा खून झालेल्याच्या घराण्याचा प्रश्न असे. आपल्या धर्मशास्त्रातही किसासमध्ये वारसांचा हक्क मोठा मानला आहे. बदला, भरपाई किंवा माफी, यांतले काय स्वीकारायचे हे ते ठरवू शकतात. आधुनिक राज्यसंस्थेने हा हक्क आपल्याकडे घेतला. गुन्हा हा संपूर्ण समाजाविरुद्ध झाला असे मानले आणि खटल्याच्या मथळ्यावर मृताच्या बापाऐवजी 'महाराष्ट्र शासन' हे नाव आले. यात फार मोठे शहाणपण आहे. सुडाची साखळी त्यामुळे तुटते. गरिबाच्या खुनालाही वकील मिळतो. पैसेवाला आरोपी वारसांना धमकावून किंवा विकत घेऊन मोकळा होऊ शकत नाही, निदान होऊ नये. पण या व्यवहाराची दुसरी बाजू अशी की बापाने आपला हक्क राज्याच्या हाती सोपवला आहे. तो राज्याच्या मालकीचा झालेला नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याला ती वापरण्याचा काही अधिकार असतो, परंतु तो स्वतःच्या सोयीसाठी नसतो. आणि मागणाऱ्याने हिशेब विचारला तर तो द्यावा लागतो.

आता आपल्याकडे ही अमानत कशी सांभाळली जाते ते पाहू. भारतातल्या सरकारी वकिलाचा अधिकार अमेरिकेतल्या त्याच्या भाईबंदाइतका मोठा नाही. गुन्हा नोंदवणे, तपास करणे, दोषारोपपत्र दाखल करणे ही कामे पोलिसांची. सरकारी वकिलाचा प्रवेश त्यानंतर होतो. एके काळी तर तोही पोलीस खात्याचाच माणूस असे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे बदलायचे ठरवले. तरी महाराष्ट्रात दंडाधिकारी न्यायालयांतले सहायक सरकारी वकील पुढे वीसेक वर्षे पोलीस खात्याच्याच ताब्यात राहिले. त्यांच्यातल्याच काहींनी न्यायालयात धाव घेतली आणि 1995 मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे वकील पोलिसांच्या हाताखाली राहू शकत नाहीत, त्यांचा वेगळा विभाग करा आणि त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार ठेवा. हा निकाल महाराष्ट्राच्या संदर्भातला आहे हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. पुढे 2005 च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची तरतूद थेट संहितेत आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जिल्हा पातळीवरही अशी संचालनालये आणली आहेत.

म्हणजे पोलिसांपासून सुटका झाली, पण सुटका होऊन तो गेला कुठे? आपल्या राज्यात अभियोग संचालनालय गृह विभागाखाली येते, आणि पोलीसही त्याच विभागाचे. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील वकिली करणाऱ्यांमधून ठरावीक मुदतीसाठी निवडले जातात आणि त्यांची नेमणूक विधी व न्याय विभाग करतो. मुदत वाढवायची की नाही हे सरकार ठरवते. विशेष सरकारी वकील तर एकेका खटल्यापुरता, सरकारच्या मर्जीने. एका घराचे दोन दरवाजे असले तरी मालक एकच, असा हा प्रकार आहे. सरकार बदलले की न्यायालयाच्या आवारात कोणाचे दिवस आले आणि कोणाचे गेले, याची चर्चा शिवाजीनगरच्या चहाच्या टपरीवर कोणालाही ऐकायला मिळते.

कायद्याची अपेक्षा वेगळी आहे. 1994 मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या टाडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाचे स्थान स्पष्ट केले. आरोपीला अधिक काळ कोठडीत ठेवायचे असेल तर पोलिसांचा अर्ज पुढे सरकवून त्याला मोकळे होता येणार नाही. त्याने स्वतः कागद वाचून, स्वतःची बुद्धी वापरून अहवाल दिला पाहिजे. तो तपास यंत्रणेचा भाग नाही आणि टपालपेटी तर नाहीच. टाडाखाली आपल्या किती तरुणांची उमेद कोठडीत गेली हे ज्या पिढीने पाहिले, तिला या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको. टपालपेट्या थोड्या कमी असत्या तर काही घरे वाचली असती.

सरकारी वकिलाचा सर्वांत मोठा अधिकार म्हणजे खटला मागे घेण्याचा. जुन्या संहितेचे 321 वे कलम आणि नव्या संहितेचे 360 वे. निर्णय सरकारी वकिलाने स्वतंत्रपणे घ्यायचा आणि न्यायालयाची परवानगी घ्यायची, अशी ही रचना. प्रत्यक्षात आदेश मंत्रालयातून निघतो. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात सर्वच पक्षांच्या सरकारांनी काढले आहेत. जीवितहानी झालेली नसावी, अशा अटीही त्यांत असतात, आणि ते योग्यच आहे. रस्ता रोखून पाणी मागणाऱ्या शेतकऱ्याला दहा वर्षे तारखांना खेटे घालायला लावण्यात कसला न्याय? माफ करण्याची ताकद राज्यापाशी असलीच पाहिजे. पण माफी आणि मेहेरबानी यांतली रेषा कोण आखणार?

ती आखण्याचे काम एकदा एका बापाने केले. जुलै 2000 मध्ये वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केले. सुटकेसाठी त्याने ज्या अटी घातल्या त्यांत त्याच्या साथीदारांवरचे टाडाचे खटले मागे घेण्याची अट होती. कर्नाटक सरकारने मान तुकवली, सरकारी वकिलाने अर्ज केला आणि खालच्या न्यायालयाने परवानगीही दिली. दोन राज्यांची सरकारे आणि राजकुमारांवर जीव टाकणारी जनता एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला उभे राहिले अब्दुल करीम नावाचे वृद्ध गृहस्थ. त्यांचा पोलीस उपनिरीक्षक मुलगा शकील अहमद याला वीरप्पनच्या टोळीने मारले होते. 7 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. सरकारी वकिलाने स्वतः विचार केलेला दिसत नाही, सरकारने सांगितले म्हणून सही केली, ही परवानगी टिकू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आठवड्याभराने राजकुमार सुखरूप परतले. आज देशभरात 360 व्या कलमावर वाद झाला की अब्दुल करीम विरुद्ध कर्नाटक राज्य हे नाव घेतले जाते. आपल्या पोरांना शाळेत हे नाव कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

ही परंपरा पुढेही चालली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा आदेश दिला. नव्या संहितेने तर खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकलेच पाहिजे असे घातले आहे. अमानत ज्याची, त्याला निदान विचारा, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

परंतु खटला मारायचा असेल तर तो मागेच घ्यायला हवा असे नाही. तो चालू ठेवूनही मारता येतो. गुजरातच्या बेस्ट बेकरी प्रकरणात 2003 मध्ये बडोद्याच्या न्यायालयात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि सर्व आरोपी सुटले. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला नव्याने चालवण्यासाठी महाराष्ट्रात पाठवला. सरकारी वकील आरोपीच्या वकिलासारखा वागला, असा कठोर ठपका ठेवला आणि नव्या वकिलासाठी पीडितांना नाव सुचवता येईल असेही सांगितले. फेब्रुवारी 2006 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप दिली. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. मुख्य साक्षीदार जाहिरा शेख हिलाही वारंवार जबाब बदलल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद दिली. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे बोलताना वगळली जाते. वगळू नये. साक्ष हीसुद्धा अमानतच आहे, आणि धमकी किंवा आमिष हे ती बुडवण्याचे कारण समजून घेता येईल, पण त्याला मान्यता देता येत नाही.

आता मालेगाव. जून 2015 मध्ये रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितले की 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील असताना राष्ट्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने त्यांना आरोपींबाबत नरमाईने घेण्यास सुचवले होते. संस्थेने हा आरोप नाकारला. 2016 मध्ये त्याच संस्थेने पुरवणी दोषारोपपत्रात काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले, तरीही न्यायालयाने त्यांतल्या प्रमुख आरोपीवर खटला चालवलाच. 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. भिक्कू चौकातल्या त्या स्फोटात सहा माणसे गेली होती.

हे वाचून आपले मन लगेच एका निष्कर्षाकडे धाव घेते. क्षणभर थांबू. त्याच मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, स्फोट झाले होते आणि तीसहून अधिक लोक मेले होते. त्यात आपल्याच नऊ तरुणांना पकडले गेले. पुढे तपासाला वेगळी दिशा मिळाली, वेगळे पुरावे समोर आले आणि 2011 मध्ये त्यांच्या जामिनाला राष्ट्रीय तपास संस्थेने विरोध केला नाही. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. म्हणजे एकाच शहराच्या दोन खटल्यांत एकाच संस्थेच्या नरमाईचा प्रश्न आहे. एका नरमाईचे आपण स्वागत केले आणि दुसरीवर संशय घेतला. आपण ढोंगी आहोत काय?

आम्हाला वाटते, तसे नाही. मात्र ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच आहे. फरक नरमाईत नाही. 2011 ची नरमाई नव्या पुराव्यावर उभी होती. ती न्यायालयात, उघडपणे घेतलेली भूमिका होती. कोणालाही ती वाचता येत होती आणि तिला आव्हान देता येत होते. 2015 मध्ये ज्याची तक्रार झाली ती कानात सांगितलेली गोष्ट होती. कानगोष्टीला तारीख नसते, जावक क्रमांक नसतो, सही नसते. नाकारली की संपली. म्हणूनच सरकारी वकिलाच्या मर्जीची मर्यादा आम्ही अशी मांडू: जो निर्णय कारणासह कागदावर लिहिता येतो आणि पीडिताच्या तोंडावर वाचून दाखवता येतो, तो त्याच्या अधिकारातला. जो लिहिता येत नाही, तो अधिकाराबाहेरचा. सरकारच्या देखरेखीलाही हाच नियम लावावा. सरकारने सर्वांसाठी धोरण ठरवावे आणि प्रसिद्ध करावे. एका फायलीसाठी निरोप पाठवू नये.

मर्जीची आणखी एक जात आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सरकारी वकील न्यायालयाबाहेर काय बोलतो? मुंबईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट देशभर पसरली. पुढे ती सभांमध्ये, निवडणुकांमध्ये वापरली गेली. मार्च 2015 मध्ये स्वतः निकम यांनी सांगितले की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी तयार होत असलेली सहानुभूती मोडण्यासाठी ही गोष्ट त्यांनी रचली होती. कसाबचा गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला होता. त्याच्या बाजूने आम्हाला एक शब्द बोलायचा नाही. पण सिद्ध गुन्ह्याला खोट्या तिखट-मिठाची गरज का पडावी? त्या एका शब्दाचे टोमणे शाळेत, कचेरीत ज्यांनी ऐकले, त्यांचा त्या हल्ल्याशी काय संबंध होता? निकम यांनी 2024 मध्ये भाजपतर्फे लोकसभेची निवडणूक लढवली, ते हरले, त्यानंतर सरकारने त्यांना पुन्हा खटल्यांवर नेमले आणि जुलै 2025 मध्ये ते राज्यसभेवर गेले. राजकारणात जाण्याचा हक्क त्यांना आहे. परंतु उमेदवारी आणि सरकारी वकिली यांच्यामध्ये एक उंबरठा असावा, अशी अपेक्षा कोणत्याही पक्षाच्या माणसाबद्दल ठेवली पाहिजे.

पुन्हा स्वारगेटकडे येऊ. 25 जानेवारी 2012 च्या सकाळी याच आगारातून एका चालकाने एस.टी.ची गाडी पळवली आणि शहरभर बेफाम हाकत नऊ जणांचे प्राण घेतले. त्या खटल्यातही निकमच विशेष सरकारी वकील होते. पुण्यात त्या दिवसांत फाशीशिवाय दुसरा शब्द ऐकू येत नव्हता. आम्हीही तोच शब्द उच्चारत होतो. चालक वेडसर असल्याचा बचाव न्यायालयांनी मानला नाही. सत्र न्यायालयाने 2013 मध्ये फाशी दिली, उच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती कायम केली आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. लोकांचा क्षोभ हा सरकारी वकिलाचा तिसरा मालक असतो, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते. सरकारपासून मोकळा झालेला वकील गर्दीचा गुलाम होऊ शकतो.

आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाल्याचे प्रकरण घडले. विशेष सरकारी वकील कोण असावा, यावरून तिची इच्छा आणि सरकारची निवड यांत अंतर पडल्याचे आपण वाचले. पीडिताला हवा तोच वकील मिळावा, असा नियम करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच, महाराष्ट्राचे नियम तपासताना, मागेल त्याला विशेष सरकारी वकील देऊ नये असे म्हटले आहे. सरकारी वकील पीडिताचा भाडोत्री झाला तर आरोपीवर अन्याय होईल. परंतु तिचे नाव का स्वीकारले नाही, हे चार ओळींत तिला कळवण्यात राज्याचे काय जाते?

अमेरिकेत जिल्ह्याचा सरकारी वकील बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात. खटला भरायचा की नाही हेही तोच ठरवतो. फ्लोरिडात ऑगस्ट 2022 मध्ये टँपाचे निवडून आलेले सरकारी वकील अँड्र्यू वॉरन यांना राज्यपालांनी निलंबित केले. गर्भपाताच्या काही खटल्यांबाबत आपण ते चालवणार नाही अशी भूमिका त्यांनी घेतली होती. पुढच्या वर्षी मोनिक वॉरेल यांना काढले, तर 2024 मध्ये लोकांनी त्यांना परत निवडून दिले. जॉर्जिया राज्याने 2023 मध्ये सरकारी वकिलांवर देखरेखीसाठी आयोगच नेमला. तिथे वाद असा आहे की संपूर्ण कायदाच आपण वापरणार नाही असे म्हणणारा वकील विधिमंडळाची जागा घेतो, आणि त्याला काढणारा राज्यपाल मतदारांची. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इंग्लंडने वेगळी वाट धरली. 1986 पासून तिथे पोलिसांपासून स्वतंत्र अभियोग सेवा आहे. पुरावा पुरेसा आहे काय आणि खटला लोकहिताचा आहे काय, अशा दोन कसोट्यांची संहिता प्रसिद्ध केलेली असते, आणि 2013 पासून खटला न चालवण्याच्या निर्णयाचा फेरविचार पीडित मागू शकतो. आमच्या मते आपल्याला शिकण्यासारखे इथे अधिक आहे.

मग आपण मागायचे काय? मोर्चा काढून एखाद्या खटल्यात अमुक वकील नेमा म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या चार गोष्टी आहेत. सरकारी वकिलांची निवड आणि मुदतवाढ यांत न्यायपालिकेचा खरा आवाज असावा. खटला सोडताना, मागे घेताना, अपील न करताना कारणे लिहून पीडिताला द्यावीत. तपास यंत्रणा आणि सरकारी वकील यांच्यातल्या सूचना लेखी असाव्यात. आणि मोठा खटला मध्येच सोडणाऱ्या वकिलाच्या जागी ठरावीक दिवसांत दुसरा नेमला जावा. यांतली एकही मागणी मुसलमानांची म्हणून नाही. खैरलांजीच्या, कोपर्डीच्या, मालेगावच्या, सर्वांच्या कामाची आहे.

अपिलाचे उदाहरण ताजे आहे. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 जुलैला तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली. त्याच महिन्याअखेर मालेगावचा निकाल लागला, आणि तिथे सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली ती बळींच्या कुटुंबीयांना. दोन्हीकडे मेलेली माणसेच होती. लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांसाठी सरकारने अपील केले, यात आम्हाला काही गैर वाटत नाही. तेवढीच चपळाई दुसऱ्या शहरासाठी का दिसली नाही, हे विचारण्याचा हक्क मात्र आम्ही सोडणार नाही.

तो हक्क टिकवायचा तर एक पथ्य आपल्याला पाळावे लागेल. एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, ही ताकीद सूरह माइदामध्ये आहे आणि ती आधी आपल्याला आहे. आपला मुलगा आरोपी असताना आपल्याला जो स्वतंत्र बुद्धीचा, टपालपेटी नसलेला सरकारी वकील हवा असतो, तोच आपला मुलगा बळी असतानाही हवा असला पाहिजे. समोरचा आरोपी आपल्याला कितीही नकोसा वाटो, पुरावा नसताना त्याला अडकवणारा वकील उद्या आपल्याही दारात येतो. मालेगाव खटल्यातल्या त्या नऊ जणांनी हे अंगावर घेतले आहे.

तर चाचा, तुम्ही विचारले होते, सरकार हरले म्हणजे कोण हरले. पुरावा खरोखर नव्हता आणि वकिलाने आपले काम इमानाने केले, तर कोणीच हरले नाही. दुःख मात्र उरले. पण काम अर्धवट झाले असेल, आणि का झाले हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर एक बाप हरला, ज्याने आपला हक्क विश्वासाने सोपवला होता. आणि त्याच्यामागे रांगेत उभे असलेले आपण सगळे थोडे थोडे हरलो.

आता जिल्हा न्यायालयाहून स्वारगेटला भुयारी मेट्रोने काही मिनिटांत येता येते. सप्टेंबर 2024 पासून ही सोय झाली. परवा आम्ही त्या गाडीतून आलो, स्थानकातून वर आलो आणि एस.टी.च्या फलाटाकडे नजर गेली. सोलापूरची गाडी लागलेली होती. बाकावर दुसरेच कोणी तरी वर्तमानपत्र वाचत बसले होते.